मेंदूचा मलेरिया: काचपट्टीवर जंतू थोडे आणि रुग्ण मात्र बेशुद्ध, असं का?

काचपट्टी

गडचिरोलीत धानोरा, एटापल्ली, भामरागड या पट्ट्यातल्या लॅब टेक्निशियन आणि आरोग्यसेविकांसाठी फाल्सिपेरम मलेरियावर प्रशिक्षणाचं टिपण करायचं आहे. मेंदूच्या भागाशी गाडी अडली आहे. बहुतेक पुस्तकांत "केशवाहिन्या तुंबतात" एवढ्यावर विषय संपतो. त्यातून पुढे सुचणारे प्रश्न तसेच राहतात.

जंतू रक्तवाहिनीच्या बाहेर पडत नाही, मेंदूच्या पेशीला शिवतही नाही. मग माणूस बेशुद्ध कशाने पडतो? वाहिन्या खरंच तुंबत असतील तर पक्षाघातासारखं कायमचं नुकसान व्हायला हवं. पण वेळेवर औषध मिळालेले बरेचसे रुग्ण दोन-तीन दिवसांत शुद्धीवर येतात, ते कसं? काचपट्टीवर मोजकेच जंतू दिसत असताना रुग्ण कोमात असतो, हे टेक्निशियनला कसं समजावायचं? आणि मेंदूला सूज येते म्हणतात, तर डेक्सामेथासोन किंवा मॅनिटॉल का द्यायचं नाही?

शेवटचं म्हणजे, रुग्णाला मोठ्या दवाखान्यात हलवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात काय काय करून घ्यायचं? आकड्यांसकट सांगितलंत तर फार उपयोग होईल.

सूक्ष्मदर्शी

पहिल्या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, ते जंतूच्या ४८ तासांच्या चक्रात सापडतं.

तांबड्या पेशीत शिरल्यावर साधारण १६ ते २० तास फाल्सिपेरम कोवळ्या अंगठीच्या रूपात असतो. या काळात ती पेशी रक्तासोबत सगळीकडे फिरते, म्हणून बोटाच्या रक्तात सापडते. त्यानंतर जंतू पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःचं एक प्रथिन पाठवतो, पीएफईएमपी-१. पेशीवर बारीक टेंगळं उठतात आणि हे प्रथिन त्या टेंगळांवर बसतं. त्याचं काम म्हणजे रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटणं. चक्राचा उरलेला सगळा काळ ती पेशी शरीराच्या आत कुठेतरी चिकटून असते. ती प्लीहेतून जात नाही, त्यामुळे गाळली जात नाही. जंतूचा फायदा इथेच आहे. व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या जातीत असं चिकटणं एवढ्या प्रमाणात होत नाही, म्हणून मेंदूचा मलेरिया जवळजवळ सगळा फाल्सिपेरमचाच.

टेक्निशियनना हे असं सांगा: तुमच्या काचपट्टीवर दिसतात त्या फक्त फिरत्या पेशी, चिकटलेल्या पेशी बोटात येतच नाहीत. सगळे जंतू एकाच वयाचे असतील आणि नेमक्या त्या वेळी पक्व झालेले असतील, तर पट्टी जवळपास रिकामी दिसेल आणि मेंदूच्या केशवाहिन्या खच्चून भरलेल्या असतील. म्हणून बेशुद्ध रुग्णाची पहिली पट्टी निगेटिव्ह आली तरी दर ६ ते १२ तासांनी पुन्हा पट्टी काढायची. मोजणीशिवाय आणखी दोन गोष्टी नोंदवायला शिकवा. पट्टीवर पक्व जंतू, म्हणजे शायझोंट, दिसले तर आत त्यांची संख्या फार मोठी आहे असं धरायचं. आणि पांढऱ्या पेशींमध्ये, विशेषतः न्यूट्रोफिलमध्ये, तपकिरी-काळं रंजक दिसतं का ते पाहायचं. शंभरातल्या पाचाहून जास्त न्यूट्रोफिलमध्ये ते असेल तर आजार गंभीर. जंतूंच्या आकड्याखाली ही एक ओळ लिहिली तर डॉक्टरला त्या आकड्याइतकाच तिचाही उपयोग होतो.

आता मेंदूकडे. तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉनची आणि केशवाहिनी ५-६ मायक्रॉनची. निरोगी पेशी वाकून, दुमडून पलीकडे जाते. जंतू असलेली पेशी ताठ होते, वर अस्तराला चिकटते, शिवाय कधीकधी आजूबाजूच्या निरोगी पेशींनाही स्वतःभोवती गोळा करते. प्रवाह मंदावतो. पण सगळ्या केशवाहिन्या एकाच वेळी पूर्ण बंद होत नाहीत. एक बंद, तिच्या शेजारची उघडी, असं चित्र असतं. मेंदूला प्राणवायू आणि साखर कमी पडते, पेशी कामकाज आवरतं घेतात, पण बहुतांश भागात त्या मरत नाहीत. पक्षाघातात मोठी रोहिणी बंद होते आणि तिच्या पुढचा पूर्ण प्रदेश जातो. इथे अडथळा अतिशय लहान वाहिन्यांत, विखुरलेला आणि काही तासांत बदलणारा असतो. औषधाने जंतू मेले की वाट हळूहळू मोकळी होते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे.

तरीही ही गोष्ट फक्त तुंबण्याची नाही, अस्तर आजारी पडण्याचीही आहे. आणि माझ्या मते टिपणात जास्त जागा याला द्यावी. २०१३ मध्ये असं दिसलं की गंभीर मलेरियातल्या जंतूंचं पीएफईएमपी-१ हे अस्तरावरच्या ईपीसीआर नावाच्या ग्राहकाला धरतं. या ग्राहकाचं एरवीचं काम प्रथिन-सी ला जागं करायला मदत करणं. जागं झालेलं प्रथिन-सी रक्त गोठू देत नाही आणि अस्तराच्या पेशींमधले सांधे घट्ट ठेवतं. मेंदूच्या वाहिन्यांत हा ग्राहक मुळातच कमी असतो. जंतूने तोही अडवला की दोन्ही कामं एकदम बिघडतात: जागेवरच बारीक गुठळ्या होतात आणि सांधे सैल पडून वाहिनी गळू लागते. भरीला फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतं, त्यामुळे वाहिनी नीट सैलावत नाही.

शवविच्छेदनात हे डोळ्यांनी दिसतं. मेंदूचा काप पाटीसारखा करडा असतो, हा रंग मलेरियाच्या रंजकाचा. पांढऱ्या भागात टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके विखुरलेले असतात. त्यातला एक ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली घेतला तर मधोमध गुठळीने बुजलेली केशवाहिनी, तिच्याभोवती मेलेल्या ऊतीचं फिकट कडं आणि त्याबाहेर सांडलेल्या तांबड्या पेशींचं वलय दिसतं. तुंबणं, गोठणं आणि गळणं, तिन्ही एका ठिपक्यात.

बालवैद्य

वरच्या प्रतिसादाला जोडून सुजेबद्दल.

मलावीतल्या ब्लँटायर इथल्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये या विषयावर कित्येक वर्षं काम चाललं आहे. तिथल्या एमआरआय अभ्यासाचे निकाल २०१५ मध्ये आले. मेंदूच्या मलेरियाची १६८ मुलं होती, त्यातली २५ दगावली. दगावलेल्या २५ पैकी २१ मुलांचा मेंदू सुरुवातीच्या एमआरआयवर खूप सुजलेला होता. वाचलेल्या १४३ मध्ये तेवढी सूज ३९ जणांनाच होती. सूज वाढून मेंदूचा देठ दाबला जातो, श्वासाचं केंद्र बंद पडतं, म्हणून मूल जातं. वाचलेल्यांची सूज मात्र पुढच्या तपासण्यांत उतरत गेलेली दिसली, बहुतेकांची एक-दोन दिवसांत. म्हणजे या सुजेत मेलेल्या ऊतीपेक्षा साचलेलं रक्त आणि वाहिन्यांतून पाझरलेलं पाणी जास्त असणार.

प्रौढांचं चित्र वेगळं आहे आणि ते आपल्याकडच्याच कामातून पुढे आलं. ओडिशात राउरकेलाच्या इस्पात जनरल हॉस्पिटलमध्ये प्रौढ आणि मुलं अशा दोघांचे एमआरआय झाले. प्रौढांतही सूज दिसते, बरेचदा डोक्याच्या मागच्या भागात आणि उलटणारी. पण दगावणाऱ्या प्रौढांत मोठी सूज नसतानाही मेंदूभर प्राणवायूच्या कमतरतेच्या खुणा सापडल्या. शिवाय प्रौढाला बेशुद्धीबरोबर कावीळ, मूत्रपिंड निकामी होणं, फुप्फुसात पाणी होणं असं सगळं एकदम येतं. मुलाला येते ती कोमा, आकडी, साखर उतरणं आणि तीव्र रक्तक्षय. गडचिरोलीत दोन्ही वयाचे रुग्ण येतात, तेव्हा टिपणात हा फरक हवाच.

मूल किती बेशुद्ध आहे हे मोजायला ब्लँटायर मोजपट्टी शिकवा, ती पाठ करायला सोपी आहे. नखाच्या मुळावर पेन्सिल आडवी धरून घट्ट दाबायची, नंतर छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी दाबायचं. दुखतं तिथे हात नेला तर २, नुसता अवयव मागे घेतला तर १, काहीच नाही तर ०. नीट रडलं तर २, कण्हलं किंवा विचित्र आवाज काढला तर १, आवाज नाही तर ०. आईच्या चेहऱ्यामागे डोळे फिरले तर १, नाहीतर ०. बेरीज ५ पैकी २ किंवा कमी आली की कोमा. बोलू शकणाऱ्या मोठ्या माणसाला ग्लासगो ही शुद्धीची मोजपट्टी, ११ च्या खाली गंभीर. नुकती आकडी येऊन गेली असेल तर लगेचचा आकडा धरू नका, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा.

आणि डोळा. दृष्टिपटल हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग, त्याच्या वाहिन्याही त्याच जातीच्या. बाहुली थेंबांनी मोठी करून पाहिलं तर दृष्टिपटलावर पांढुरके डाग, पांढऱ्या मध्याचे रक्ताचे ठिपके, आणि ज्यांचा लाल रंग जाऊन नारिंगी किंवा पांढरा झाला आहे अशा वाहिन्या दिसतात. रंग जातो कारण आतल्या जंतूने पेशीतलं हिमोग्लोबिन खाल्लेलं असतं. ही खूण का महत्त्वाची? ब्लँटायरलाच २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शवविच्छेदनात मेंदूचा मलेरिया म्हणून गेलेल्या ३१ मुलांपैकी ७ मुलांच्या मृत्यूचं कारण दुसरंच निघालं. रक्तात जंतू होते, पण मेंदूत ते चिकटलेले नव्हते. जिथे मलेरिया घरोघरी आहे तिथे पॉझिटिव्ह किट म्हणजे बेशुद्धीचं कारण सापडलं असं नव्हे. मेंदूज्वर, साखर, विषबाधा, सर्पदंश हे डोक्यात ठेवायलाच हवं. मणक्यातल्या पाण्याची तपासणी करता येत नसेल तर मेंदूज्वर नाही हे सिद्ध होईपर्यंत सेफ्ट्रिअॅक्सोन द्यायचं, मुलाला किलोमागे १०० मि.ग्रॅ.

काचपट्टी

दोघांचेही मनापासून आभार. चिकटणं आणि गळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आता स्पष्ट झालं. पण मग वाहिनी गळत असेल, सूज असेल, तर मॅनिटॉलने ती उतरायला हवी ना? आणि औषधाचं प्रमाण कुणी लिहील का?

ड्यूटीरूम

मॅनिटॉल रक्तात राहून ऊतीतलं पाणी ओढून घेतं. पण त्यासाठी वाहिनीची भिंत शाबूत लागते. इथे भिंतच गळकी आहे, आणि कवटीतला वाढलेला आकार बराचसा साचलेल्या रक्ताचा आहे. तर्क बाजूला ठेवला तरी चाचण्यांचे निकाल समोर आहेत. राउरकेलालाच ६१ प्रौढांवर चाचणी झाली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. मॅनिटॉल मिळालेल्यांना शुद्धीवर यायला मध्यक ९० तास लागले, न मिळालेल्यांना ३२. मृत्यूही मॅनिटॉलच्या गटात जास्त होते. युगांडातल्या मुलांत २००७ मध्ये काही फायदा दिसला नाही. डेक्सामेथासोनची थायलंडमधली चाचणी तर १९८२ सालची: १०० रुग्ण, मृत्यू कमी झाले नाहीत, कोमा मात्र लांबला (४७ ऐवजी ६३ तास), न्यूमोनिया आणि पोटातला रक्तस्राव वाढला. चाळीस वर्षांहून जुनी गोष्ट आहे, तरी सवयीने डेक्सा लिहिलं जातं. हे थांबायला हवं.

तिसरी सवय म्हणजे आकडी येऊ नये म्हणून आधीच फेनोबार्बिटोन. केनियात किलिफी इथे मुलांना किलोमागे २० मि.ग्रॅ. दिलं, आकड्या कमी झाल्या आणि मृत्यू दुप्पट झाले, ८ टक्क्यांवरून १८ वर. श्वास मंदावतो म्हणून. आधी डायझेपामचे तीन-चार डोस झालेले असतील तर अधिकच. आकडी आली तर थांबवायची: डायझेपाम शिरेतून किलोमागे ०.३ मि.ग्रॅ. सावकाश, शीर मिळत नसेल तर गुदद्वारातून ०.५. मात्र आकडी ओळखता आली पाहिजे. मेंदूच्या मलेरियातली आकडी दरवेळी हातपाय झाडणारी नसते. एक बोट उडत राहणं, ओठाचा कोपरा ओढला जाणं, डोळे एका बाजूला झटके देणं, लाळ गळणं एवढंच दिसतं आणि मूल "शांत झोपलंय" असं वाटतं. चादर काढून, उजेडात, पूर्ण एक मिनिट पाहायचं. करकरा दात खाणं, मान मागे टाकणं, हात ताठ करून आत वळवणं हेही दिसतं. तो धनुर्वात समजू नका.

आता औषध. आर्टेसुनेट शिरेतून किंवा स्नायूत. प्रौढाला किलोमागे २.४ मि.ग्रॅ., ० तास, १२ तास, २४ तास आणि नंतर रोज एकदा, तोंडाने घेता येईपर्यंत. किमान पहिले तीन डोस सुईनेच, रुग्ण सहाव्या तासाला उठून बसला तरी. गर्भवतीला कोणत्याही महिन्यात हेच.

क्विनाइनपेक्षा हे सरस का, त्याचं उत्तर सूक्ष्मदर्शींनी सांगितलेल्या चक्रात आहे. क्विनाइन पक्व जंतू मारतं, कोवळ्या अंगठ्या तशाच वाढत राहतात आणि पुढच्या काही तासांत मेंदूत जाऊन चिकटतात. आर्टेसुनेट अंगठ्याही मारतं, म्हणजे चिकटण्याआधीच. आशियातल्या १,४६१ रुग्णांच्या चाचणीत (२००५) मृत्यू २२ टक्क्यांवरून १५ वर आले. आफ्रिकेतल्या ५,४२५ मुलांत (२०१०) १०.९ वरून ८.५ वर.

कुपी ६० मि.ग्रॅ.ची असते. आधी सोबतचं सोडियम बायकार्बोनेट १ मि.लि. घालायचं आणि द्रावण गढूळ होऊन पुन्हा स्वच्छ होईपर्यंत हलवायचं, साधारण मिनिटभर. मग शिरेसाठी ५ मि.लि. नॉर्मल सलाईन किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोज. एकूण ६ मि.लि., दर मि.लि.त १० मि.ग्रॅ. स्नायूसाठी ५ ऐवजी २ मि.लि., तेव्हा दर मि.लि.त २० मि.ग्रॅ. ५० किलोच्या माणसाला १२० मि.ग्रॅ., म्हणजे दोन कुप्या, १२ मि.लि. मिनिटाला ३-४ मि.लि. या वेगाने हाताने द्यायचं, सलाईनच्या बाटलीत टाकायचं नाही. तासाभरात वापरायचं, उरलेलं फेकायचं. नेहमी होणारी चूक म्हणजे बायकार्ब सापडत नाही म्हणून इंजेक्शनच्या पाण्यात पूड कालवणं. आर्टेसुनेट साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, डोस तळाशी राहतो. काही नव्या पॅकमध्ये द्रावक वेगळं येतं, तिथे पॅकवरचंच प्रमाण पाळा.

बालवैद्य

एक दुरुस्ती, टिपणात जाण्याआधी. २० किलोच्या आतल्या मुलाला २.४ नव्हे, ३ मि.ग्रॅ. दर किलोला. लहान मुलांत त्याच डोसने रक्तातलं प्रमाण कमी भरतं, म्हणून. १२ किलोचं मूल असेल तर ३६ मि.ग्रॅ., शिरेच्या द्रावणातलं ३.६ मि.लि. वेळा त्याच.

ड्यूटीरूम

बरोबर. मी प्रौढांचं लिहून पुढे गेलो, मुलांचं राहिलं. धन्यवाद.

हलवण्याआधीचं: पहिला डोस देऊनच गाडीत घालायचं, "तिथे गेल्यावर देतील" असं नको. जंगलातून जिल्ह्याच्या ठिकाणी पोचेपर्यंत जे तास जातात त्यात अंगठ्या पक्व होतात. इंजेक्शन शक्यच नसेल आणि मूल ६ वर्षांच्या आतलं असेल तर आर्टेसुनेटची गुदद्वारातली कॅप्सूल, किलोमागे १० मि.ग्रॅ., एकदाच.

साखर लगेच तपासा आणि बेशुद्ध आहे तोवर दर ४ तासांनी. साखर उतरल्याची लक्षणं कोमात झाकली जातात, म्हणून ग्लुकोमीटरशिवाय कळत नाही. डेसिलिटरमागे ४० मि.ग्रॅ.च्या खाली कुणालाही, ५ वर्षांच्या आतल्या मुलाला ५४ च्या खालीच, डेक्स्ट्रोज द्यायचं: मुलाला १० टक्के, किलोमागे ५ मि.लि. तेवढ्याने भागत नाही, पुढे डेक्स्ट्रोज असलेलं सलाईन चालू ठेवा, नाहीतर तासाभरात पुन्हा उतरते. क्विनाइन चालू असेल तर ते इन्शुलिन वाढवतं, धोका दुप्पट धरा. शीर मिळालीच नाही तर चमचाभर साखर पाण्याने ओली करून जिभेखाली.

सलाईन धडाधड सोडू नका. प्रौढाच्या फुप्फुसात पाणी होतं. तापाने शॉकसारख्या अवस्थेत आलेल्या आफ्रिकेतल्या ३,१४१ मुलांच्या २०११ च्या चाचणीत बोलस, म्हणजे एकदम भरपूर सलाईन, दिलेल्यांत ४८ तासांतले मृत्यू १०.६ टक्के होते, न दिलेल्यांत ७.३. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांना मलेरिया होता. गाडीत कुशीवर झोपवा, तोंडातली लाळ पुसत राहा, बेशुद्ध रुग्णाला पाणी पाजू नका. पत्रावर डोसची वेळ मिनिटासकट लिहा, पुढचा डोस १२ तासांनी तिथूनच मोजला जातो.

काचपट्टी

सगळं उतरवून घेतलं. शुद्धीवर आल्यावर घरी सोडलं की आशाताईंनी पुढे काय पाहायचं, तेवढं सांगा.

बालवैद्य

आधी गोळ्या: सुई थांबल्यावर ३ दिवसांचा एसीटीचा, म्हणजे आर्टेमिसिनिन गटातलं औषध आणि जोडीला दुसरं औषध अशा गोळ्यांचा, पूर्ण कोर्स. "इंजेक्शनं झाली ना" म्हणून तो सुटतो आणि ताप परत येतो. मेफ्लोक्विन असलेला कोर्स मेंदूच्या मलेरियानंतर टाळावा, त्याने भ्रम आणि झटके येऊ शकतात.

मग रक्त. आर्टेसुनेटने जंतू मेलेल्या तांबड्या पेशी प्लीहा आतला जंतू काढून परत सोडते, पण त्या पेशी अल्पायुषी होतात आणि १ ते ३ आठवड्यांनी एकदम फुटतात. म्हणून ७, १४, २१ आणि २८ व्या दिवशी हिमोग्लोबिन. लघवी चहाच्या काढ्यासारखी गडद, डोळे पिवळे, पायऱ्या चढताना धाप, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

मेंदूचं सगळ्यात हळू कळतं. प्रौढ बहुतेक पूर्ण बरे होतात. मुलांत मात्र युगांडातल्या पाहणीत दोन वर्षांनंतरही सुमारे चौथ्या हिश्श्यात लक्ष, स्मरण किंवा शिकण्यात उणीव राहिली होती, आणि मलावीत वाचलेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाला पुढे अपस्मार झाला. घरी सोडताना आणि महिन्याने, सहा महिन्यांनी ताईंनी हे पाहावं: मूल हाक मारल्यावर वळतं का, हातातल्या वस्तूमागे नजर फिरवतं का, आधी बोलत होतं तेवढं बोलतं का, वाटी धरताना एक हात मागे राहतो का, चालताना झोकांड्या जातात का. अंगणवाडीत जाणारं मूल असेल तर सेविकेला विचारावं, ते मध्येच काही क्षण शून्यात पाहत थांबतं का. ती आकडी असू शकते, आणि तिच्यावर औषध आहे.